नारळाची तारीख: पूर्व भागातल्या एका अभ्यासिकेच्या निधीचं प्रकरण

मंगळवार, 15 ऑक्टोबर 2024. सोलापूरच्या पूर्व भागात महापालिकेच्या एका मोकळ्या जागेवर आम्ही मांडवाचे बांबू रोवत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला अभ्यासिकेचं भूमिपूजन होतं. कार्यादेश आठ दिवसांपूर्वी, 7 तारखेला हातात पडला होता. ठेकेदाराने खडीचा पहिला ट्रक आणून टाकला होता. दुपारी दिल्लीत निवडणूक आयोगाची पत्रकार परिषद झाली आणि मांडववाल्याच्या मोबाईलवरच आम्ही ऐकलं: विधानसभेची निवडणूक जाहीर, आचारसंहिता लागू.

नियम स्पष्ट आहे. कार्यादेश निघालेला असला, तरी जागेवर प्रत्यक्ष काम सुरू झालेलं नसेल तर आचारसंहिता संपेपर्यंत ते सुरू करता येत नाही. आमच्या जागेवर कुदळ पडलेली नव्हती. 12 तारखेला दसरा होता. ठेकेदार म्हणत होता, "सर, दसऱ्याला मुहूर्त करून टाकू. पायाचे दोन खड्डे घेऊन ठेवतो, बाकी कार्यक्रम सावकाश करा की." मी नको म्हणालो. निधी देणाऱ्या आमदारांच्या हस्ते नारळ फुटू दे, मग खड्डे, असं माझं म्हणणं. आमदारांनी तसं कधीच मागितलं नव्हतं. त्यांच्या पीएने उलट विचारलं होतं, "काम थांबवलं नाही ना आमच्यासाठी?" थांबवलं मी होतं.

मुलांचा संध्याकाळचा अभ्यास घेणाऱ्या एका छोट्या संस्थेचा मी सचिव आहे. हा निधी मिळवण्याचा खटाटोप 2017 पासून चालला होता. त्यात जे जे झालं ते इथे मांडतो, कारण सोलापुरातल्या छोट्या संस्थांमधली माणसं हमखास विचारतात, "तुमची ओळख कुणाशी होती?" ओळख या शब्दाने आमची पहिली तीन वर्षं खाल्ली, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितोय.

आमच्याकडे येणारी मुलं विडी कामगारांची आणि यंत्रमाग कामगारांची. घर म्हणजे दहा बाय दहाची खोली. आई दारात बसून मांडीवर सूप घेते, भिजवलेली तेंदूची पानं कात्रीने कापते, चिमूटभर तंबाखू भरून दोरा गुंडाळते. हजार विड्यांचा हिशेब पुरा करायचा म्हणजे दिवेलागणीनंतरही हात चालूच. त्याच खोलीत टीव्ही, त्याच खोलीत आजारी आजोबा, शेजारी मागाची खडखड. दहावीच्या मुलीने पाठांतर करायचं कुठे? आम्ही देवळाच्या ओट्यावर आणि एका समाजमंदिराच्या जिन्यात संध्याकाळी साडेसहा ते दहा अभ्यास घेत होतो. पावसाळ्यात जिना गळायचा. हवी होती एक छपराची, दिव्यांची, पंख्यांची खोली. मागणी एवढीच होती, आणि ती कधी वाढवली नाही, हे एक आम्ही बरं केलं.

पहिली चूक 2017 ची. त्या वर्षी महापालिकेची निवडणूक चार सदस्यांच्या प्रभागाने झाली. म्हणजे एका गल्लीला चार नगरसेवक. त्यांतले एक आमच्या एका विश्वस्तांचे नातलग. बक्षीस समारंभाचा फलक केला, त्यावर त्यांचा मोठा फोटो लावला आणि बाकी तिघांना निमंत्रणपत्रिका टपालाने पाठवली. समारंभाला एकच आले. त्यांनी मंचावरून खोली बांधून देण्याचं जाहीर केलं, टाळ्या झाल्या. पुढे कागद सरकेना. नंतर उमगलं की जागेच्या ठरावाला उरलेल्या तिघांचाही होकार हवा होता, आणि त्यांच्या दृष्टीने आमची संस्था आता "त्या एकाची" झाली होती. एका फलकाने आम्ही तिघांशी वैर घेतलं होतं, आणि तेही न भांडता.

मग आम्ही खासदार निधीकडे वळलो. 1993 साली सुरू झालेली ही योजना. खासदाराला वर्षाला 5 कोटींपर्यंतच्या कामांची शिफारस करता येते. शिफारस हा शब्द लक्षात ठेवावा. पैसा खासदाराच्या हातात येत नाही. ते पत्र देतात, काम नियमात बसतं का ते जिल्हा प्रशासन बघतं आणि मंजुरीही तेच देतं. आम्ही सात रस्त्यावरच्या विश्रामगृहात, गर्दीत, कुणाच्या तरी खांद्यावरून निवेदन पुढे सरकवायचो, फोटो काढायचो, व्हॉट्सअॅपवर टाकायचो आणि काम झालं असं समजायचो. 2020 च्या सुरुवातीला कुठे कागदपत्रं जुळवायला घेतली, आणि 6 एप्रिलला केंद्राने कोरोनामुळे हा निधी दोन वर्षांसाठी थांबवला. नशिबाला दोष देणं सोपं होतं. खरं तर निधी चालू असता तरी आमची फाईल परतच आली असती.

ते कळलं 2021 मध्ये. एका निवृत्त लेखापालांनी आमचं दप्तर तपासलं. कोरोनात आमचे एक विश्वस्त गेले होते, दुसऱ्यांनी आधीच राजीनामा दिला होता, आणि धर्मादाय कार्यालयात दोन्हींपैकी एकाचाही बदल अर्ज दाखल नव्हता. कायद्याने बदल झाल्यापासून 90 दिवसांत तो द्यावा लागतो. म्हणजे कागदावर आमची संस्था एका गेलेल्या माणसाच्या सहीने चालली होती. दोन वर्षांचे लेखापरीक्षण अहवालही जमा केलेले नव्हते. लेखापाल काका रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "बाळ, पुढारी तुला पत्र देईल. पण त्याचं नाव त्या पत्रावर राहतं. उद्या कुणी माहिती अधिकारात कागद काढले तर पेपरात तुझं नाव येणार नाही, त्याचं येईल. त्याला भीती वाटू नये इतकं तुझं दप्तर स्वच्छ पाहिजे."

या प्रकरणातला सगळ्यात मोठा धडा मला त्या वाक्यात मिळाला. आम्ही नेत्याकडे दाता म्हणून बघत होतो. तो तर स्वतःचं नाव गहाण ठेवून शिफारस करत असतो, आणि त्या बदल्यात त्याच्याकडे सांगण्यासारखं, दाखवण्यासारखं आणि न फसणारं काम हवं असतं. सव्वा वर्ष आम्ही कुणाच्याही दारात गेलो नाही. बदल अर्ज, उशिराची माफी, लेखापरीक्षण, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंदणी एवढंच करत बसलो. तो काळ वाया गेल्यासारखा वाटला होता. आज मला तोच पाया वाटतो.

मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आले. ज्या नगरसेवकांच्या मागे आम्ही धावलो ते सगळेच माजी झाले. तेव्हा आमच्या अक्कांनी एक गोष्ट सुचवली. स्वतः विड्या वळून तीन मुली शिकवलेल्या या बाई आमच्या कार्यकारिणीत आहेत. बैठकीत त्या म्हणाल्या, "कामाशिवाय कुणाच्या घरी जात नाही म्हणून तर लोक दार उघडत नाहीत. काही मागू नका की. नुसतं कळवत जा."

त्या महिन्यापासून आम्ही दर पाच तारखेला एक पान पाठवू लागलो. शहरातले तिन्ही आमदार, खासदार, पालकमंत्री, सोलापूरशी संबंध असलेले विधान परिषदेचे सदस्य, महापालिका आयुक्त, आणि सगळ्या पक्षांचे माजी नगरसेवक. यादी अकारविल्हे. पानावर मागणी नाही, फोटो नाही, "आपला कृपाभिलाषी" नाही. या महिन्यात किती मुलं रोज आली, कोण गैरहजर राहिलं आणि का, कोणती पुस्तकं फाटली, कुणाला किती गुण पडले. एकदा लिहिलं होतं: "या महिन्यात दोन मुली अभ्यासाला येणं बंद झाल्या. एकीची आई आजारी असल्याने विड्यांचा हिशेब आता ती पुरा करते." ते पान वाचून एका माजी नगरसेविकेचा फोन आला. पक्ष कोणता ते सांगायची गरज नाही. त्या त्या मुलीच्या घरी जाऊन आल्या आणि दोन आठवड्यांनी मुलगी परत जिन्यात बसली. त्या कामात एक रुपयाचाही निधी लागला नव्हता.

बहुतेकांकडून उत्तर आलं नाही. वीस महिने. मग एका विधान परिषदेच्या आमदारांच्या पीएंचा फोन आला. "सर, तुमची पानं मी फाईलला लावून ठेवलीत. रोज पन्नासेक निवेदनं येतात हो, ती कुठे जातात मलाच माहीत नसतं. एक सांगा, जागा कुणाच्या नावावर आहे?"

पीए मंडळींबद्दल संस्थांमध्ये फार उथळ बोललं जातं. त्यांना टाळून थेट साहेबांना गाठण्यात लोक शौर्य मानतात. माझा अनुभव असा की साहेबांना दिवसात शंभर माणसं भेटतात आणि त्यांतलं काय पुढे न्यायचं ते पीएच्या वहीत ठरतं. त्यांनी पहिल्या फोनला जागेची विचारणा केली यातच सगळं आलं. आमदार स्थानिक विकास निधीतून उभं राहणारं बांधकाम सार्वजनिक मालमत्ता असतं. खाजगी जागेवर ते होत नाही, आणि ज्याची जागा त्याचं ना हरकत लागतं. आमचं उत्तर तयार होतं: जागा महापालिकेची, मालमत्ता महापालिकेची राहील, आम्ही फक्त चालवू. हे कबूल करायला आमच्या दोन विश्वस्तांना जड गेलं होतं. इमारत आपल्या नावावर हवी, असा त्यांचा आग्रह होता. तो आग्रह सोडला नसता तर प्रकरण तिथेच संपलं असतं.

विधान परिषदेच्या सदस्यांविषयी थोडं थांबून सांगतो. राज्यात विधानसभेच्या आमदाराप्रमाणेच त्यांनाही स्थानिक विकास निधी असतो. 2022 पासून तो वर्षाला 5 कोटी आहे. पण गल्लीतल्या संस्थांना ते आठवतच नाहीत, कारण त्यांचं मतदान गल्लीत होत नसतं. आमच्या पुणे विभागातल्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांचे सदस्य पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि सोलापूर अशा पाच जिल्ह्यांचे असतात. अभ्यासिका, ग्रंथालय, शाळा अशी कामं त्यांच्या कामाशी जुळतात. आम्ही हे शोधून गेलो नव्हतो, यादीत होते म्हणून पान जात राहिलं. पण ज्यांना आता सुरुवात करायची आहे त्यांनी हे दार आधी ठोठवावं.

डिसेंबर 2023 मध्ये ते आमदार न कळवता आले, रात्री साडेआठला. सोबत फक्त चालक. जिन्यात एकेका पायरीवर दोन-दोन मुलं बसली होती. ते एका सातवीच्या मुलीशेजारी पायरीवर टेकले, तिची गणिताची वही हातात घेतली आणि पानं उलटताना मधल्या शिवणीतून तपकिरी भुगा त्यांच्या पांढऱ्या पँटवर पडला. "हे काय?" त्यांनी विचारलं. "तंबाखू, सर. घरात सगळीकडं असतं." त्यांनी भुगा झटकला नाही. वही मिटून तिला परत दिली आणि मला म्हणाले, "अंदाजपत्रक किती आहे?" आमच्याकडे शाखा अभियंत्यांनी तपासलेलं अंदाजपत्रक तयार होतं, 14 लाख 80 हजारांचं. त्याच आठवड्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे शिफारसपत्र निघालं.

इथून पुढे नेत्याचं काम जवळजवळ संपतं आणि कार्यालयांचं सुरू होतं. तांत्रिक मान्यता, जिल्हा नियोजन कार्यालयाकडून प्रशासकीय मान्यता, महापालिकेचा प्रशासक ठराव, मग निविदा. पत्र मिळाल्यावर पेढे वाटून घरी बसणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. पत्राला पाय नसतात. आमचे एक निवृत्त जॉबर (मागांवर देखरेख ठेवणारे) अण्णा दर गुरुवारी जिल्हाधिकारी कार्यालयात जायचे. घाई करायची नाही, आवाज चढवायचा नाही, साहेबांचं नाव सांगायचं नाही. फक्त विचारायचं, "ताई, आमचा कागद कुठल्या टेबलावर आहे? काही कमी आहे का?" एकदा मालमत्ता पत्रकाची प्रत धूसर निघाली म्हणून फाईल अडली होती. अण्णा नसते तर ती तीन महिने तशीच पडली असती. त्या लिपिक ताईंच्या मुलीला दहावीला चांगले गुण मिळाले तेव्हा अण्णांनी कार्यालयाबाहेर अभिनंदन केलं, तेही रिकाम्या हाताने. हा शब्द मुद्दाम लिहिला आहे.

कारण याच काळात एक गृहस्थ भेटले. कुठल्या कार्यालयाचे नव्हते, सगळीकडे असायचे. "दहा टक्के ठेवा, मार्चच्या आत बिल काढून देतो." कार्यकारिणीत दोन तास वाद झाला. एक जण म्हणाले, सगळेच देतात, मुलांसाठी आपण पाप घेऊ. त्यांच्या मनात खोट नव्हती, म्हणूनच ते बोलणं धोक्याचं होतं. 2018 च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याने लाच देणाराही गुन्हेगार ठरतो आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. बळजबरीने द्यावी लागली आणि सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवली, तरच सुटका. आम्ही त्या गृहस्थांना लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आमच्या फलकावर लिहिलेला दाखवला. ते परत दिसले नाहीत. पुढे एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फलकासाठी वर्गणी मागायला काही मुलं आली, त्यांनाही सांगितलं की संस्थेचा पैसा मुलांचा आहे. मुलं हाताने शुभेच्छापत्र करून देतील. दिलंही. ज्यांचा वाढदिवस होता त्यांनी ते कार्यालयात लावल्याचं नंतर कुणीतरी सांगितलं.

16 मार्च 2024 ला लोकसभेची आचारसंहिता लागली. फाईल जूनपर्यंत झोपली. निकालानंतर शहर मध्यच्या आमदार प्रणिती शिंदे लोकसभेवर गेल्या आणि मतदारसंघाची विधानसभेतली जागा रिकामी झाली. म्हणजे पूर्व भागातल्या मोठ्या वस्तीला त्या पावसाळ्यात ना नगरसेवक, ना विधानसभेत आमदार. एकाच माणसावर विसंबलेली कुठलीही फाईल त्या दिवसांत पोरकी झाली असती. आमचं पान मात्र अकारविल्हे यादीने जात होतं, त्यामुळे नव्या खासदारांच्या कार्यालयालाही आम्ही अनोळखी नव्हतो.

आपल्या शहरात याचं केवढं तरी मोठं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. कुंभारीला नरसय्या आडम मास्तरांनी विडी कामगार महिलांसाठी उभी केलेली गोदूताई परुळेकर वसाहत, 10,000 घरांची, 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंगांच्या हस्ते दिली गेली. मग रे नगर, 30,000 घरांचं. 9 जानेवारी 2019 ला पायाभरणी आणि 19 जानेवारी 2024 ला 15,000 घरांचं हस्तांतरण, दोन्ही पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते. मास्तर आयुष्यभर मार्क्सवादी. 2019 च्या कार्यक्रमात पंतप्रधानांचं कौतुक केलं म्हणून त्यांच्याच पक्षाने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केलं. त्यांच्या राजकारणाशी कुणी सहमत असो वा नसो, मला त्यात एक गोष्ट शिकण्यासारखी दिसते: सरकारं बदलत गेली, मास्तर कुणाच्याही पक्षात गेले नाहीत, आणि घरांचा विषय मात्र प्रत्येक सरकारच्या दारात घेऊन गेले. त्याची किंमतही त्यांनी मोजली. आमची अभ्यासिका त्यापुढे एक वीटही नाही, पण रीत तीच आहे.

आता 15 ऑक्टोबरकडे येतो. भूमिपूजनाला मी महत्त्व का दिलं? श्रेय नेत्याला मिळायला हवं, हे मी मानतो, आजही मानतो. त्याने निधी दिला, लोकांना ते कळलं पाहिजे. पण श्रेय देण्याचा एकच प्रकार मला माहीत होता, मांडव आणि नारळ. त्यासाठी मुलांचा दीड महिना गेला. ठेकेदाराचे मजूर दुसऱ्या कामाला लागले. खडी जागेवर पडून राहिली आणि रात्री कुणी कुणी पाट्या भरभरून नेली. त्या रात्री मी आमदारांना फोन करून झालेलं सांगितलं. ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "मला दसऱ्याला फोन करायचा ना. नारळ मी स्लॅबच्या दिवशी फोडला असता."

नोव्हेंबरच्या शेवटी आचारसंहिता उठली. दुसऱ्याच दिवशी सकाळी अक्कांनी कुदळ मारली, एकट्या ठेकेदारासमोर. जागेचा फोटो काढून तारखेसह अभियंत्यांना पाठवला. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेआधी पाया झाला, मार्चअखेर स्लॅब आणि बिल. जून 2025 मध्ये मुलं आत बसली. उद्घाटनाला यादीतल्या सगळ्यांना एकसारखी पत्रिका दिली, 2017 च्या त्या तिघांनाही, स्वतः घरी जाऊन. तिघांपैकी दोघे आले. महापालिकेचा फलक भिंतीवर आहे, त्यावर निधीचा प्रकार आणि आमदारांचं नाव. संस्थेचं नाव त्यावर नाही. विश्वस्तांपैकी एक जण अजून त्यावरून नाराज आहेत.

चालवण्याचा करार महापालिकेशी केला आहे. वीजबिल संस्था भरते आणि ते उन्हाळ्यात जड जातं, त्यासाठी छपरावर सौर पॅनेल हवं आहे. पण ती मागणी पानावर लिहायची नाही, असं अक्कांनी बजावलं आहे. या महिन्याच्या पानावर एवढंच गेलं: रोजची हजेरी 46, पंखे चार, त्यातला एक बंद. सातवीची ती मुलगी आता नववीत आहे. तिने वहीला प्लास्टिकचं कव्हर घातलंय.